नवा मॉनिटर : परतीची मुदत सरण्याआधी करायची तपासणी

मॉनिटर घेण्याआधी आपण कितीतरी दिवस तुलना करत बसतो. इंच, हर्ट्झ, किंमत, सेल, बँकेची सवलत, सगळं तोंडपाठ होतं. तो घरी आला की मात्र केबल जोडायची, चित्र दिसलं की गेम लावायचा, एवढ्यावर काम उरकतं. खरी तपासणी राहूनच जाते. मग कधीतरी रात्री अंधारी दृश्यं असलेला सिनेमा बघताना खालच्या कोपऱ्यातला पिवळट उजेड नजरेत भरतो, आणि तोवर बदलून मिळण्याची मुदत उलटून गेलेली असते.

ही मुदत विक्रेत्यागणिक वेगळी असते. ऑनलाइन खरेदीत ती बहुधा सात ते दहा दिवसांची असते आणि ऑर्डरच्या पानावर लिहिलेली असते. दुकानातून घेतलात तर बिल करतानाच विचारून घ्या. तेवढ्या दिवसांत ग्राहकाच्या शब्दाला वजन असतं. त्यानंतर वॉरंटीचे नियम लागू होतात, आणि दोष कशाला म्हणायचं हे तिथं कंपनी ठरवते. म्हणून पहिल्याच आठवड्यात दोन-तीन तास काढून मॉनिटर नीट तपासा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. तुमचे डोळे, एक मोबाइल आणि रात्री पूर्ण अंधार करता येईल अशी खोली पुरेशी आहे.

तपासताना एक विभागणी सतत मनात ठेवा. जे खटकेल ते तीनपैकी एक असतं: सेटिंगची चूक, पॅनलच्या जातीचा स्वभाव, किंवा नेमका तुमच्या वाट्याला आलेल्या नगातला दोष. सेटिंग घरच्या घरी दुरुस्त होतं. स्वभाव नग बदलून जात नाही. तो सोसवत नसेल तर दुसऱ्या जातीचा मॉनिटर घ्यावा लागतो. बदलून मागायचा तो फक्त दोषासाठी. पुष्कळ जण सेटिंगच्या चुकीपायी चांगला नग परत पाठवतात आणि खरा दोष मात्र ‘सगळ्यांचे असेच असतील’ म्हणून चालवून घेतात. पुढची सगळी तपासणी हे टाळण्यासाठी आहे.

खोकं उघडताना

सील तोडण्यापासून पहिलं चित्र दिसेपर्यंतचा व्हिडिओ एका दमात काढा. खोक्यावरचा आणि मॉनिटरच्या मागचा सीरियल नंबर त्यात दिसू द्या आणि बिलावरच्या नंबराशी ताडून पाहा. फुटका किंवा वापरलेला नग आला तर हाच पुरावा कामी येतो. खोकं, थर्माकोल आणि पिशव्या मुदत संपेपर्यंत टाकू नका.

स्टँड बसवताना पडद्यावर अंगठा दाबला जाऊ देऊ नका. पॅनलला दाबाच्या खुणा अशाच पडतात. जोडणी झाली की मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा आणि मगच तपासायला बसा. थंड पॅनलचा उजेड आणि रंग काही काळ स्थिर नसतात, आणि पिक्सेलही किंचित संथ असतात. पडदा मऊ मायक्रोफायबरच्या कोरड्या कापडानं पुसून घ्या, नाहीतर धुळीचा कण बिघडलेला पिक्सेल वाटतो.

आधी केबल आणि सेटिंग

पहिली चूक केबलची असते. डेस्कटॉपच्या मागे मॉनिटर जोडण्याचे पोर्ट दोन ठिकाणी असतात: काही मदरबोर्डचे, काही ग्राफिक्स कार्डाचे. केबल कार्डाच्या पोर्टात हवी. ती मदरबोर्डला लावली तर हजारोंचं कार्ड नुसतं बसून राहतं आणि गेम अडखळतो. दोष मॉनिटरला दिला जातो.

दुसरी गोष्ट केबलची आणि पोर्टची क्षमता. एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळांपेक्षा जास्त ताजं होत नाही. एचडीएमआय २.० वर ते ६० पर्यंत जातं. ४केवर १२० हर्ट्झ हवे असतील तर एचडीएमआय २.१ किंवा डिस्प्लेपोर्ट १.४ लागतं. २५६० बाय १४४० च्या मॉनिटरला १४४ हर्ट्झसाठी डिस्प्लेपोर्ट १.२ सुद्धा पुरतं. खोक्यातून आलेली केबल आधी वापरा, कपाटातली जुनी नको.

आता विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले या क्रमानं जा. तिथं रिफ्रेश रेट दिसतो. नवा मॉनिटर जोडल्यावर तो बऱ्याचदा ६० वरच असतो आणि हातानं १४४ किंवा १६५ करावा लागतो. हा आकडा न बदलता वर्षभर ‘१६५ हर्ट्झचा मॉनिटर’ ६० वर चालवणारे लोक कमी नाहीत. रिझोल्यूशनही पॅनलचं मूळचंच ठेवा.

चित्र धुरकट दिसत असेल, काळा रंग राखाडी वाटत असेल, तर पॅनलला नावं ठेवण्याआधी रंगांची रेंज पाहा. संगणक काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी २५५ हा आकडा धरतो. टीव्हीच्या जुन्या पद्धतीत काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो. एचडीएमआयवर ग्राफिक्स कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि ही आखूड रेंज पाठवतं. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये रिझोल्यूशनच्या पानावर ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ हा पर्याय असतो. तो ‘फुल’ करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पिक्सेल फॉरमॅट’खाली ‘आरजीबी फुल’ निवडा. लाल किंवा निळ्या अक्षरांच्या कडा पुसट, रंग सांडल्यासारख्या दिसत असतील तर त्याचं कारणही बहुधा इथंच असतं: कार्ड आरजीबीऐवजी रंगांची माहिती कमी करून पाठवत असतं.

शेवटी मॉनिटरचा स्वतःचा मेनू. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, वीजबचत, निळा प्रकाश कमी करणारा फिल्टर हे सगळं बंद करा. शार्पनेस मूळ आकड्यावर राहू द्या. कलर टेम्परेचर ६५०० केल्व्हिन किंवा ‘नॉर्मल’ ठेवा. दुकानात उठून दिसावं म्हणून बनवलेले ‘व्हिव्हिड’, ‘रेसिंग’ असे मोड बाजूला सारा. ‘स्टँडर्ड’, ‘युजर’ किंवा ‘एसआरजीबी’ मोडमध्येच पुढची तपासणी करा.

पिक्सेल, उजेड आणि डाग

फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० पिक्सेल असतात, १४४० च्या पडद्यावर ३६,८६,४००, आणि ४केवर ८२,९४,४००. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन छोटे भाग. एवढ्यांतला एखादा बिघडलेला निघू शकतो. पूर्ण पडदाभर पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा रंग आळीपाळीनं आणा. यासाठी लॅगम किंवा आयझोचं मॉनिटर चाचणीचं पान आहे. कोणत्याही चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये एकरंगी चित्रं बनवूनही काम भागतं. प्रत्येक रंगावर पडदा चार भागांत विभागून, जवळ जाऊन, सावकाश नजर फिरवा. पांढऱ्यावर काळा ठिपका म्हणजे मेलेला पिक्सेल. काळ्यावर चमकणारा ठिपका म्हणजे कायम पेटलेला पिक्सेल, आणि अंधाऱ्या खेळात हाच जास्त छळतो.

दोषी पिक्सेलांच्या प्रतवाऱ्या आयएसओ ९२४१-३०७ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवलेल्या आहेत, आणि कंपन्या त्यावर बोट ठेवून एक-दोन ठिपके वॉरंटीत नाकारू शकतात. परतीच्या मुदतीत मात्र विक्रेता सहसा इतके फाटे फोडत नाही. ठिपका मधोमध असेल तर लगेच बदलून मागा. कायम पेटलेला पिक्सेल रंग भराभर बदलणाऱ्या व्हिडिओनं कधीकधी सुटतो, पण त्या भरवशावर मुदत घालवू नका.

आता रात्रीची तपासणी. दिवे बंद, पडदे ओढलेले, पडद्यावर पूर्ण काळं चित्र, आणि ब्राइटनेस तुम्ही रोज ठेवाल तेवढाच. दोन-तीन मिनिटं डोळ्यांना अंधाराची सवय होऊ द्या. आयपीएस जातीचं पॅनल असेल तर कोपऱ्यांत फिकट उजेड दिसेलच. प्रश्न आहे तो कोणता उजेड आहे हा. खुर्चीत बसल्या बसल्या डोकं हळूच डावीकडे न्या, मग उजवीकडे. मग खुर्ची दोन फूट मागे घ्या. तुमच्याबरोबर उजेडही सरकला, मागे गेल्यावर विरला, तर तो आयपीएसचा स्वभाव, ज्याला ‘आयपीएस ग्लो’ म्हणतात. नग बदलून तो जाणार नाही. उजेड जागचा हलला नाही, कडेतून पाझरल्यासारखा एकाच ठिकाणी पिवळट पट्टा राहिला, तर ते बॅकलाइटचं गळणं. पॅनलवर चौकटीचा असमान दाब पडल्यानं ते होतं. हा त्या नगाचा दोष, आणि दुसऱ्या नगात तो कमी असू शकतो.

इथं मोबाइलचा फोटो तुम्हाला फसवेल. अंधारात कॅमेरा आपोआप उजेड वाढवतो आणि साधा ग्लोसुद्धा आग लागल्यासारखा दिसतो. फोटो विक्रेत्याला पाठवायचाच असेल तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर इतकं खाली आणा की फोटो आणि डोळ्यांना दिसणारं चित्र सारखं वाटेल. अतिरंजित फोटोमुळे तुमचीच तक्रार कमकुवत होते.

तिसरं चित्र मधल्या राखाडी रंगाचं. त्यावर ढगाळ डाग, उभे पट्टे, एका बाजूला गुलाबी आणि दुसऱ्या बाजूला हिरवट झाक दिसते का पाहा. थोडाफार फरक प्रत्येक पॅनलवर असतो. तो त्रासदायक आहे का हे ठरवायला क्रिकेटच्या सामन्याइतकी चांगली कसोटी नाही. फलंदाजानं कव्हर्समधून चेंडू मारला की कॅमेरा हिरव्या मैदानावरून वेगानं सरकतो. पडद्यावर डाग असतील तर गवत सरकतं आणि डाग जागेवरच राहतात, जणू काचेवर मळ बसला आहे. हे एकदा दिसू लागलं की प्रत्येक चौकाराला दिसतं. ओएलईडी पॅनल असेल तर हीच तपासणी अगदी गडद, जेमतेम पाच टक्के उजेडाच्या राखाडीवर करा. उभ्या रेघा तिथं उठून दिसतात.

अंधारातले तपशील आणि रंग

काळ्या पार्श्वभूमीवर किंचित-किंचित उजळ होत जाणारे चौकोन असलेलं चाचणीचित्र लावा. पहिले एक-दोन चौकोन हरवले तर हरकत नाही; पहिले आठ-दहा दिसतच नसतील तर सावलीत लपलेला शत्रूही दिसणार नाही. अशा वेळी मेनूतला गॅमा २.२ आहे ना ते पाहा आणि ‘ब्लॅक इक्वलायझर’सारखी सोय एकेक पायरीनं वर-खाली करून बघा. ती फार वाढवली की अंधार राखाडी होतो, एवढं ध्यानात ठेवा. पांढऱ्या बाजूलाही तसंच: कॉन्ट्रास्टचा आकडा वाढवून ठेवला असेल तर ढगांमधला पोत जळून सपाट पांढरा होतो.

इथं पॅनलच्या जाती ओळखून घ्याव्यात. साध्या आयपीएसचा कॉन्ट्रास्ट हजारास एकच्या आसपास असतो, व्हीएचा तीन हजारास एक किंवा त्याहून वर. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः विझतो, म्हणून काळा खराखुरा काळा. अंधाऱ्या खोलीत आयपीएसचा काळा थोडा राखाडी दिसणारच. तो दोष नाही. व्हीएचा काळा गडद, पण अगदी समोरून पाहिलं की सावलीतले तपशील बुडतात आणि जरा बाजूला सरलं की पुन्हा दिसतात. तोही दोष नाही.

रंगांसाठी आकाशाचा किंवा काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारा एकसंध उतार पाहा. पायऱ्या-पायऱ्या दिसल्या तर त्याला बँडिंग म्हणतात. ८ बिटच्या पॅनलवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा म्हणजे सुमारे १.६८ कोटी रंग असतात. १० बिटवर छटा १,०२४ आणि रंग १०७ कोटींहून अधिक. पण पायऱ्या फक्त ऑनलाइन व्हिडिओतच दिसत असतील आणि चाचणीचित्र गुळगुळीत असेल तर दोष व्हिडिओच्या कॉम्प्रेशनचा आहे.

माणसाची कांती ही रंगांची सगळ्यात कडक परीक्षा. नव्या मॉनिटरांचा रंगपट्टा एसआरजीबीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे साधे व्हिडिओ भडक आणि चेहरे तांबडे दिसू शकतात. ‘सैराट’च्या पूर्वार्धातली उन्हातली दृश्यं लावा. चेहरे उन्हात रापलेले दिसायला हवेत, शेंदरी नव्हेत. भडक वाटले तर एसआरजीबी मोड लावून पुन्हा तेच दृश्य पाहा. फरक लगेच कळेल.

हालचाल : गेमरची खरी परीक्षा

६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद पडद्यावर राहते, १४४ वर ६.९ आणि २४० वर ४.२. पिक्सेलनं आपला रंग या वेळेच्या आत बदलला पाहिजे, नाहीतर आधीच्या फ्रेमची सावली मागे रेंगाळते. यालाच घोस्टिंग म्हणतात.

ब्लर बस्टर्सचं ‘टेस्टयूएफओ’ हे पान उघडा. उडती तबकडी डावीकडून उजवीकडे सरकते; नजर तिच्याबरोबर फिरवा, एका जागी खिळवू नका. आता मॉनिटरच्या मेनूत ‘ओव्हरड्राइव्ह’, ‘रिस्पॉन्स टाइम’ किंवा अशाच काही नावाचं सेटिंग शोधा. त्यात बहुधा तीन-चार पायऱ्या असतात. सगळ्यात खालच्या पायरीवर तबकडीमागे पुसट शेपूट दिसेल. एकेक पायरी वर जा, शेपूट आखूड होत जाईल. सगळ्यात वरच्या पायरीवर बहुतेक मॉनिटरांत नवीच भानगड दिसते: तबकडीच्या मागे उजळ किंवा उलट्या रंगाची कडा. पिक्सेलला इतकं जोरात ढकललं की तो नेमक्या रंगाच्या पुढे जाऊन परत येतो, त्याची ही खूण. खोक्यावरचा ‘१ मिलिसेकंद’ बहुधा याच टोकाच्या पायरीवर मोजलेला असतो. उजळ कडा दिसू लागते त्याच्या एक पायरी खाली थांबा. बहुतेकांना तीच योग्य पडते.

याच पानावर फ्रेम गळतात का हे पाहण्याची चाचणी आहे. चौकोन एकामागून एक उजळत जातात. मोबाइलच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर एक-दशांश सेकंदावर ठेवून, मोबाइल स्थिर धरून फोटो काढा. फोटोत उजळलेले चौकोन सलग रांगेत आले तर सगळं ठीक. मध्येच चौकोन रिकामा राहिला तर मॉनिटर सांगितलेला रिफ्रेश रेट खरोखर पाळत नाही. आधी ब्राउझर सोडून बाकीचे प्रोग्रॅम बंद करून पुन्हा फोटो काढा. तरीही फट राहिली तर तो बदलून मागण्याइतका गंभीर दोष आहे.

मग गेम. काउंटर-स्ट्राइक २ किंवा व्हॅलोरंटमध्ये सरावाच्या मैदानात जा. अक्षरं किंवा चित्र रंगवलेल्या भिंतीसमोर उभे राहून डावी-उजवीकडे सरकत राहा आणि अक्षरं वाचता येतात का पाहा. नंतर अंधाऱ्या कोपऱ्यात तेच करा. व्हीए पॅनलवर काळ्यातून गडद राखाडीत जाताना पिक्सेल सर्वांत संथ असतात आणि शाईचा ओघळ फरफटल्यासारखा दिसतो. स्पर्धात्मक नेमबाजी खेळणाऱ्याला ते जाचतं. गोष्ट सांगणारे सावकाश गेम खेळणाऱ्याला कदाचित जाणवणारही नाही.

व्हीआरआर, म्हणजे गेमच्या फ्रेमनुसार रिफ्रेश रेट बदलणारी जी-सिंक किंवा फ्रीसिंक ही सोय, मॉनिटरच्या मेनूत आणि ग्राफिक्स कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा दोन्हीकडे चालू करावं लागतं. त्याची परीक्षा फ्रेम कमी-जास्त होणाऱ्या गेममध्येच होते. सायबरपंक २०७७ आणि रेड डेड रिडेम्प्शन २ यांत बेंचमार्क अंगभूत आहे. दर वेळी तेच दृश्य चालत असल्यानं दोन सेटिंगांची तुलना चोख होते. चित्र आडवं फाटताना दिसलं तर बहुधा व्हीआरआर चालू झालेलं नाही. उजेड फडफडताना दिसला, विशेषतः लोडिंगच्या वेळी किंवा मेनूत, तर तो व्हीए आणि ओएलईडी पॅनलांचा ओळखीचा स्वभाव. फ्रेमना मर्यादा घातली की तो बराच आवरतो. एल्डन रिंगसारखा गेम संगणकावर ६० फ्रेमच्या पुढे जातच नाही, त्यामुळे १६५ हर्ट्झचा फरक त्यात शोधू नका. कन्सोलवर खेळणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं: प्लेस्टेशन ५ जास्तीत जास्त १२० हर्ट्झ देतं, तेव्हा केवळ त्याच्यासाठी २४० हर्ट्झला पैसे मोजण्यात अर्थ नाही.

सिनेमा बघताना

सिनेमासाठी मी ‘तुंबाड’ सुचवेन. राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा हा सिनेमा, छायाचित्रण पंकज कुमार यांचं. पावसाळी आभाळ, कंदिलाच्या उजेडातला वाडा, ओल्या भिंती: प्रकाश आणि अंधार यांच्या मधल्या छटा त्यात ठासून भरल्या आहेत. रात्री, खोलीत अंधार करून वाड्यातली दृश्यं बघा. कंदिलाभोवतीचा उजेड भिंतीवर हळूहळू विरत गेला पाहिजे; कडेला गोल गोल वलयं दिसायला नकोत. अंधारात उभ्या माणसाच्या कपड्याच्या चुण्या दिसल्या पाहिजेत, आणि तरी भोवतालचा काळोख काळोखच राहिला पाहिजे. विहिरीखालच्या लाल दृश्यांत लाल रंगाचा सपाट गोळा न होता त्यातला पोत टिकला पाहिजे.

रुंद चौकटीचा सिनेमा नेहमीच्या १६:९ पडद्यावर लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, २.३९:१ च्या सिनेमात त्या जवळजवळ चौथा हिस्सा व्यापतात. या पट्ट्या म्हणजे बॅकलाइट गळतोय का याची आयती चाचणी. चालू सिनेमात तिकडे लक्ष जात असेल तर दोष खरा. नुसत्या काळ्या चित्रावर दिसतो पण सिनेमात जाणवत नाही, तर फार मनाला लावून घेऊ नका.

दृश्यच मुळात अंधारं असू शकतं, हेही विसरू नका. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा ‘द लाँग नाइट’ हा भाग एप्रिल २०१९ मध्ये आला, तेव्हा काही दिसतच नाही अशी तक्रार जगभरच्या प्रेक्षकांनी केली होती. म्हणून एकाच सिनेमावरून निकाल देऊ नका, आणि ज्या फाइलची प्रत खात्रीची आहे तीच वापरा. ब्लेंडर फाउंडेशननं मोफत खुले केलेले ‘सिंटेल’ आणि ‘टीअर्स ऑफ स्टील’ हे लघुपट उतरवून घेता येतात. ऑनलाइन कॉम्प्रेशनची अडचण त्यांत येत नाही. नेटफ्लिक्सवर संगणकातून ४के हवं असेल तर प्रीमियम प्लॅन आणि एचडीसीपी २.२ चालणारी जोडणी लागते, आणि क्रोमऐवजी एजमध्ये बघावं लागतं. एवढं जुळलं नाही तर महागड्या ४के पडद्यावर कमी दर्जाचं चित्र दिसतं, आणि पडदा बिनकामाचा वाटतो.

सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. ६० ला २४ नं नीट भाग जात नाही, म्हणून ६० हर्ट्झवर एक फ्रेम ५० मिलिसेकंद आणि पुढची ३३ मिलिसेकंद दाखवावी लागते. कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा दिसणारे बारीक हिसके त्याचेच. १२०, १४४ आणि २४० या आकड्यांना २४ नं नेमका भाग जातो, १६५ ला जात नाही. १६५ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर सिनेमापुरता १४४ वर आणून तेच दृश्य पाहा.

एचडीआरचा शिक्का

खोक्यावर एचडीआर लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. व्हेसा या संस्थेनं डिसेंबर २०१७ मध्ये डिस्प्लेएचडीआर ही प्रतवारी आणली. तिच्या ४०० या पायरीला ४०० निटचा उजेड लागतो, पण बॅकलाइट भागाभागांनी मंद करण्याची सोय असणं सक्तीचं नाही. अशा मॉनिटरवर एचडीआर लावलं की पुष्कळदा सगळंच फिकट दिसतं. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टचं एचडीआर कॅलिब्रेशनचं मोफत अ‍ॅप आहे, ते चालवा. मग विंडोज, अल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबून एचडीआर चालू-बंद करत एकच दृश्य पाहा. बंद असताना जास्त बरं दिसत असेल तर बिनदिक्कत बंद ठेवा. बॅकलाइटचे वेगळे भाग असतील तर काळ्या दृश्यावर पांढरी सबटायटल्स आणा. अक्षरांभोवती प्रभावळ किती पसरते ते दिसेल.

डोळ्यांची सोय

काही मॉनिटर ब्राइटनेस कमी करण्यासाठी बॅकलाइट भराभर चालू-बंद करतात. काहींचे डोळे त्यानं शिणतात, डोकं दुखतं. ब्राइटनेस वीस टक्क्यांवर आणा, खोलीत अंधार करा, पांढरा पडदा लावा आणि त्यासमोर पेन वेगानं हलवा. पेनचा सलग पुसट पट्टा दिसला तर ठीक. एकमेकांपासून सुटी अनेक पेनं दिसली तर बॅकलाइट लुकलुकतोय. शिवाय मराठी मजकुराचं एक पान उघडून वाचा. काना-मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरं नितळ दिसली पाहिजेत. २७ इंचांवर फुल एचडी म्हणजे इंचाला अवघे ८२ पिक्सेल, तर १४४० वर १०९. पहिल्यावर रफार आणि अनुस्वार फुटलेले दिसले तर तो दोष नव्हे, आकाराच्या निवडीचा परिणाम. ओएलईडीवर पिक्सेलांची मांडणी वेगळी असल्यानं अक्षरांच्या कडांना रंगीत झाक येऊ शकते. तिथं पडद्यावर कायमची छाप उमटणं वॉरंटीत धरलं आहे का, हेही आत्ताच विचारून घ्या.

निर्णय

तपासणी संपली की जे-जे खटकलं त्याची यादी करा आणि प्रत्येकासमोर सेटिंग, स्वभाव किंवा दोष असं लिहा.

बदलून मागा: मधोमध बिघडलेला पिक्सेल, जागचा न हलणारा आणि सिनेमातही दिसणारा उजेड, मैदानावर दिसणारे डाग, पडद्याच्या दोन बाजूंना वेगळ्या झाकी, गळणाऱ्या फ्रेम, आपोआप जाणारं चित्र.

पैसे परत मागायचा विचार करा: व्हीएचा ओघळ, आयपीएसचा राखाडी काळा, फिकट एचडीआर, फुटकी अक्षरं. यांतलं काही सोसवत नसेल तर त्याच मॉडेलचा दुसरा नग मागवून वेळ घालवू नका. काही विक्रेते फक्त बदलून देतात, पैसे देत नाहीत. म्हणून ही अट खरेदीआधीच वाचायला हवी.

तक्रार लिहिताना ‘क्वालिटी खराब आहे’ असं मोघम लिहू नका. ‘पूर्ण काळ्या चित्रावर खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळट उजेड आहे, बघण्याची जागा बदलली तरी हलत नाही, फोटो आणि सीरियल नंबर जोडला आहे’ असं लिहा. नेमकी तक्रार सहजासहजी टोलवता येत नाही. तरीही विक्रेत्यानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. बिल, व्हिडिओ आणि झालेला पत्रव्यवहार हाताशी ठेवून फोन करा.

आणि यादीत दोषाच्या रकान्यात काहीच उरलं नाही, तर शोधाशोध तिथंच थांबवा. रोज रात्री काळा पडदा लावून कोपरे न्याहाळत बसलात तर कोणताही मॉनिटर तुम्हाला समाधान देणार नाही. जमलेली सेटिंगं मोबाइलमध्ये टिपून ठेवा, बिल जपून ठेवा, आणि ज्यासाठी एवढे पैसे मोजले तो गेम लावा.